वाणात वाण: फुलझाडांचं बी राखायचं आणि लुटायचं कसं

तीन वर्षांपूर्वी मी एका मैत्रिणीला बियांची पुडी दिली. वर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘तेरडा, पांढरा, दुहेरी’. श्रावणात तिचा फोन आला. “अगं, तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते ऐकलं होतं, तुझ्या तेरड्याचा तर पुडीतच उडाला!” तिच्या कुंडीत एकेरी, म्हणजे पाकळ्यांचा एकच थर असलेला, भडक राणी रंगाचा तेरडा डोलत होता.

मी दोन चुका केल्या होत्या. पांढऱ्या झाडाला खेटूनच राणी रंगाचं झाड होतं आणि मधमाश्या दिवसभर दोन्हीकडे जात-येत होत्या. त्यात बी वाळवताना दोन ताटल्या शेजारी ठेवल्या आणि चिठ्ठ्या नंतर लिहू म्हटलं. नंतर कुठली ताटली कुठली ते मलाच कळेना. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. बियांची देवाणघेवाण पुडी बांधताना सुरू होत नाही. झाड फुललेलं असताना त्याला दोरा बांधतो, तिथेच ती सुरू होते. आपण नुसतं बी देत नाही, त्यावर लिहिलेलं नावही देतो, आणि ते नाव समोरच्याच्या अंगणात खरं ठरावं लागतं.

आमच्याकडे हे सगळं एका वर्षाच्या फेऱ्यात बसतं. मृगाच्या तोंडावर पेरा, दसरा-दिवाळीच्या सुमारास बी, आणि संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवात वाण. स्टीलच्या वाट्या नि प्लास्टिकचे डबे लुटून घरोघरी ढीग झाले आहेत. त्याऐवजी वाणात वाण द्यावं, म्हणजे झेंडूचं, तेरड्याचं, गोकर्णाचं.

सुरुवात कशापासून करावी

पहिल्या वर्षी पाचच घ्या: तेरडा, गुलबक्षी, झेंडू, झिनिया आणि गोकर्ण. यांचं बी मोठं, हाताला लागणारं, ओळखू येणारं असतं आणि पहिल्याच हंगामात मिळतं. दुसऱ्या वर्षी कोंबडा, सदाफुली, गणेशवेल, चिनी गुलाब घ्या. मोगरा, जास्वंद, गुलाब, शेवंती यांच्या मागे बियांसाठी लागू नका, त्यांची फांदी नाहीतर मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी रोपं, वाटायची असतात. अबोलीत थोडी गंमत आहे. गावठी अबोलीच्या वाळक्या बोंडावर पाण्याचा थेंब टाकला की ते तडकतं आणि बी उडतं. पण ‘दिल्ली’ म्हणून मिळणाऱ्या केशरी अबोलीला बीच धरत नाही, ती फांदीनेच लावतात.

बाजारातून पहिलं बी आणताना पाकिटाची मागची बाजू वाचा. ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलेलं असेल, तर ती झाडं एकसारखी आणि देखणी येतील, पण त्यांचं बी राखून पेरलं की पुढच्या पिढीत उंची, रंग, पाकळ्या सगळं फाटे फोडतं. राखायला हवं सरळ वाण, म्हणजे ज्याच्या बियांतून पुन्हा तसंच झाड येतं ते. झेंडूत दिल्लीच्या पुसा संस्थेचे ‘पुसा नारंगी गेंदा’ आणि ‘पुसा बसंती गेंदा’ हे सरळ वाण आहेत. ॲस्टर लावायचा असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’ मालिकेतले पांढरे, गुलाबी, जांभळे वाण आहेत. बाकी तेरडा, गुलबक्षी, गोकर्ण यांना दुकानाची गरजच नाही, ज्याच्या कुंपणाला आहे त्याच्याकडे मागायचं. मागितलं की माणसं खूश होतात, असा माझा अनुभव आहे.

दसऱ्याचं तोरण वाळल्यावर कुंडीत चुरगाळून टाकायची पद्धत घरोघरी आहे. उगवलं तर उगवलं. बाजारातली फुलं बहुतेक वेळा बी भरायच्या आत तोडलेली असतात, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवू नये. आणि उगवलंच तर ते कुठल्या वाणाचं हे कळायला मार्ग नसतो, म्हणून ते वाटू नये.

पेरणी

पावसाळी फुलांचं बी मे अखेरीपासून मृगाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टाकावं. पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, ॲस्टर ही थंडीची मंडळी सप्टेंबर-ऑक्टोबरात. चिनी गुलाब आणि सूर्यफूल फेब्रुवारीत टाकलं तर उन्हाळाभर रंग राहतो.

रोपांसाठी वेगळी ट्रे आणायची काही गरज नाही. चहाचे कागदी कप, तळाला खिळ्याने तीन भोकं पाडून, उत्तम चालतात. पोयटा माती, चाळलेलं गांडूळखत आणि भिजवून पिळलेलं कोकोपीट सारख्या मापाने कालवा. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर सुटावा, इतपतच ओल असू द्या. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तो हाच. चिखलात पेरलेलं बी कुजतं.

बी आपल्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जावं. गुलबक्षीचं मिरीएवढं बी बोटाच्या पहिल्या पेराच्या निम्म्यापर्यंत. झेंडू-झिनियावर मातीचा पातळ थर. चिनी गुलाबाचं बी भुकटीसारखं असतं, त्याला उजेड लागतो, म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून वरच भुरभुरायचं, झाकायचं नाही. सदाफुली बरोबर उलटी, तिला अंधार हवा, म्हणून नीट झाकायची. गोकर्ण आणि गणेशवेलीच्या बियांचं कवच टणक असतं. पॉलिशपेपरवर दोनदा घासून कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं, की सकाळी फुगलेलं बी दिसतं. न फुगलेल्या बिया पुन्हा घासा.

उगवायला झेंडू-झिनियाला चार ते सहा दिवस, तेरड्याला आठवडाभर, गुलबक्षी आणि गोकर्णाला दोन आठवड्यांपर्यंत धीर धरावा लागतो. या काळात वरून धार सोडू नका. कप परातीत ठेवून परातीत पाणी घाला, खालून ओल चढते. रोपं मानेशी काळी पडून कोलमडायला लागली, तर ते बहुतेक पाणी जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे होतं. कोलमडलेलं रोप वाचत नाही. बाकीची वेगळी करा आणि वाऱ्याला ठेवा.

चार खरी पानं आली की संध्याकाळी रोप मोठ्या कुंडीत हलवा. झिनिया आणि गोकर्णाला मुळं हलवलेली आवडत नाहीत, ती जागच्या जागीच पेरलेली बरी. झेंडू वीतभर झाला की शेंडा खुडा, फुटवे येतील. पावसात गोगलगाई रात्रीतून अख्खी रांग साफ करतात. मी रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचते, याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

दोरा बांधणं

फुलं यायला लागली की सगळ्यांत चांगलं फूल तोडून देवाला किंवा केसात जातं, आणि बियांसाठी उरतात ती हंगामाच्या शेवटची, खुजी, उरलीसुरली फुलं. हे चार वर्षं चाललं की वाण हळूहळू खुरटत जातं. म्हणून पहिल्या बहरातच तीन-चार उत्तम झाडं निवडून त्यांना लाल दोरा बांधा आणि घरातल्या सगळ्यांना बजावा की याला हात लावायचा नाही. आमच्या घरी हे सासूबाईंना पटवायला एक अख्खा गणपती गेला. निवडताना नुसतं फूल बघू नका. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) न पडलेलं, पावसात न लोळलेलं, उशिरापर्यंत फुलत राहिलेलं झाड निवडा.

आता रंगाची भेसळ. गच्चीवर अंतर राखून वाण शुद्ध ठेवणं जमत नाही, मधमाशीला चार मजले म्हणजे काहीच नाही. सोपा मार्ग असा, की एका जातीचा एका वर्षी एकच रंग लावावा. यंदा पांढरा तेरडा, पुढच्या वर्षी राणी. दुसरा मार्ग, कळी उमलायच्या आदल्या दिवशी तिला लग्नातल्या जाळीदार पोटलीची पिशवी चढवावी. झिनिया, झेंडूच्या बाबतीत एकाच रंगाच्या दोन झाडांवरची फुलं उमलली, की सकाळी मऊ ब्रशने पराग एकीवरून दुसरीवर फिरवून पिशवी पुन्हा घालावी. गोकर्णाचं फूल बहुतांशी स्वतःचंच परागण करतं, त्यामुळे निळी एकेरी निळी एकेरीच राहते, तिची काळजी कमी.

गुलबक्षीवर मात्र मी शुद्धतेचा हट्ट सोडला आहे. तिचं फूल दुपार कलल्यावर उमलतं, रात्री पतंग येतात आणि एकाच झाडावर पिवळ्यात लाल शिंतोडे उडालेली फुलं दिसतात. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून पहिल्या पिढीत गुलाबी झाड येतं. त्या गुलाबीचं बी पेरलं, तर चारात साधारण एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं निघतं. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आनुवंशिकतेचे प्रयोग याच झाडावर केले, आणि ‘अपूर्ण प्रभाविता’ शिकवताना आजही गुलबक्षीचंच उदाहरण देतात. घरात शाळकरी मूल असेल तर दोन कुंड्या या प्रयोगासाठी काढा. आणि अशा बियांच्या पुडीवर सरळ ‘मिसळ रंग’ लिहा. मिसळ आहे म्हणून कोणी नाराज होत नाही. पांढरं सांगून राणी निघालं की होतं.

बी उतरवणं

इथे घाई झाली की सगळं वाया. बी झाडावरच पिकलं पाहिजे.

तेरड्याचं बोंड जवळून बघण्यासारखं असतं. बोटाच्या पेराएवढं, लवदार, मधे फुगलेलं. हिरवंगार आणि घट्ट असेल तर राहू द्या. रंग फिकट पिवळसर झाला, कडा किंचित ताणल्यासारख्या दिसल्या की ते तयार. पण चिमटीत धरून ओढलंत तर ‘टिच्’ करून फुटेल, पाचही कप्पे अळीसारखे गुंडाळले जातील आणि बी शेजाऱ्याच्या बाल्कनीत. म्हणून आधी अख्खं बोंड तळहाताच्या ओंजळीत घ्या, मूठ बंद करा आणि मग दाबा. हाताच्या आत फुटल्याची गुदगुली होते. मुलांना हे काम द्या, पण मूठ उघडायची ती ताटावरच असं सांगून. तपकिरी, गोल, कडक बी हवं. पांढरट निघालं तर ते कच्चं आहे, टाकून द्या. बोंडं खालून वर पिकत जातात, त्यामुळे एका झाडाकडे तीन आठवडे रोज एक फेरी लागते.

गुलबक्षी सोपी. काळं, सुरकुतलेलं बी हिरव्या वाटीत उघडंच बसलेलं असतं आणि धक्का लागला की पडतं. झाडाखाली जुनं वर्तमानपत्र पसरून सकाळी वेचायचं.

झेंडू आणि झिनियाचं फूल झाडावरच पूर्ण तपकिरी होऊ द्यावं, देठही वाळला पाहिजे. मग पाकळ्यांचा झुपका धरून ओढला की झेंडूच्या काळ्या सुया बाहेर येतात, टोकाला फिकट तुसांचा गुच्छ. ज्या सबंध फिकट आणि चपट्या, त्या पोकळ. गच्च भरलेल्या टपोऱ्या झेंडूला बी कमीच धरतं, हे माहीत असू द्या. झिनियाचं बी बाणाच्या टोकासारखं असतं आणि त्यात फोल फार. सुपात हलकं पाखडलं की फोल उडून जातं. सूप नसेल तर ताटात घेऊन नुसती फुंकर घाला.

कोंबड्याचा तुरा ताटावर उलटा धरून झटकला की चकचकीत काळे कण पडतात. सदाफुलीच्या जोडशेंगा पिवळ्या पडल्या की त्यांना सैल दोरा गुंडाळून ठेवा, नाहीतर उकलून बी सांडतं. चिनी गुलाबाच्या बोंडाचं टोपण रोज बघावं लागतं, आज आहे नि उद्या नाही. गोकर्णाची शेंग खडखड वाजायला लागली की पिळून उघडा.

आणि प्रत्येक ताटलीत, त्याच क्षणी, चिठ्ठी. पेन्सिलने लिहिलेली. शाई दमट हवेत फुटते.

वाळवणं आणि ठेवणं

बी सावलीत, वाऱ्याला, कागदावर आठ-दहा दिवस वाळवा. दुपारच्या उन्हात पापडासारखं घालू नका. झेंडूचं बी वाकवल्यावर कट्कन मोडलं पाहिजे, नुसतं वाकलं तर अजून ओल आहे. गुलबक्षीवर नखाची खूण उमटता कामा नये.

बियांच्या आयुष्याबद्दल हॅरिंग्टन या अमेरिकी बीजतज्ज्ञाचा एक ठोकताळा आहे. बियांतली ओल 1 टक्क्याने उतरली की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान 5 अंश सेल्सिअसने उतरलं की पुन्हा दुप्पट. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की उघडं ठेवलेलं बी आपोआप पाणी ओढतं. माझी आत्या चिपळूणकडची. ती चाळलेल्या चुलीच्या राखेत बी कालवून मडक्यात ठेवायची आणि मडकं चुलीवरच्या माळ्यावर. राख ओल शोषायची, धुराने कीड लागायची नाही. आपल्या चुली गेल्या, पण तत्त्व तेच. दोन चमचे तांदूळ कढईत कोरडे भाजा, गार करून फडक्यात बांधा आणि काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत तळाला ठेवा. वर बियांच्या कागदी पुड्या. बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नव्हे. बाहेर काढली की लगेच उघडू नका. तासभर तशीच राहू द्या, नाहीतर गार बियांवर हवेतलं दव बसतं. प्लास्टिकच्या पिशवीत अर्धवट वाळलेलं बी भरून मी एकदा अख्ख्या वर्षाचा कोंबडा बुरशीला वाढला आहे.

वाटण्याआधी उगवण तपासा. मटकीला मोड आणतो तसंच. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, आठ-दहा दिवसांनी मोजा. गोकर्ण, गणेशवेल असेल तर आधी घासून घ्या, नाहीतर चांगलं बीही निकामी वाटेल. सात-आठांना मोड आले तर बिनधास्त वाटा. चार-पाच आले तर पुडीत दुप्पट बी घाला आणि तसं लिहा. त्याहून कमी असेल तर स्वतःच दाट पेरून टाका, दुसऱ्याला देऊ नका.

पुडी आणि वाण

जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं पुड्यांसाठी फार छान. कागद जाड असतो आणि वर गणपती आयताच असतो. पुडीवर एवढं हवं: नाव, रंग, एकेरी की दुहेरी, झाडाची उंची, बी उतरवल्याचा महिना आणि वर्ष, गाव आणि कधी पेरायचं. गाव लिहिण्याला कारण आहे. साताऱ्याच्या कोरड्या हवेत वाढलेलं वाण रत्नागिरीच्या पावसात वेगळं वागू शकतं, घेणाऱ्याला अंदाज येतो. एका पुडीत गुलबक्षीच्या आठ-दहा बिया, तेरडा-झिनियाच्या पंचवीस, झेंडूच्या तीसेक, चिनी गुलाब चिमूटभर. आणि निम्मं बी स्वतःजवळ ठेवल्याशिवाय एकही पुडी बाहेर काढू नका. उत्साहाच्या भरात सगळं वाटून मी जूनमध्ये मागत फिरले आहे.

आम्ही सोसायटीत रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी सतरंजी पसरतो. प्रत्येकीने आणलेल्या पुड्या जातीनुसार ताटांत मांडायच्या, मग जितक्या आणल्या तितक्या उचलायच्या. पहिल्यांदा येणाऱ्याला पाच पुड्या तशाच, अट एवढीच की पुढच्या संक्रांतीला निदान दोन घेऊन यायचं. दुर्मीळ बी असेल, यंदा आमच्याकडे दुहेरी पांढरी गोकर्ण होती, तर ते एकीला एकच. आधी सगळ्या ताटांवरून नुसती एक फेरी मारायची आणि मग उचलायचं, हा नियम आम्ही दुसऱ्या वर्षी केला. पहिल्या वर्षी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. पुरुष मंडळींना हळदीकुंकवात संकोच वाटतो, म्हणून त्यांच्यासाठी चहाच्या वेळेला ताटं पुन्हा मांडतो. ते बी कमी आणि सल्ले जास्त आणतात.

टपालाने पाठवायचं असेल तर गुलबक्षी आणि गोकर्णासारखं जाड बी साध्या पाकिटात घालू नका, शिक्क्याखाली भरडलं जातं. रिकाम्या काड्यापेटीत कापूस घालून मग पाकिटात. परदेशातल्या भावाबहिणींना मात्र नको. बहुतेक देशांत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी नेता येत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या विमानतळावर तर बॅगेतली बडीशेपही विचारतात. तिकडून इकडे आणायलाही 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना लागतो. तिथल्या मंडळींनी तिथल्याच बियांची अदलाबदल करावी.

काही बी मी वाटत नाही. पिवळा-केशरी कॉसमॉस त्यांतला पहिला. मेक्सिकोकडचं हे झाड दिसतं गोड, पण पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला पावसाळ्याच्या शेवटी जो केशरी पट्टा दिसतो तो याचाच, आणि त्याखाली सोनकीसारखी आपली रानफुलं दबतात. कुंडीत असेल तर बी धरायच्या आत फुलं कापा, गाडीच्या खिडकीतून बिया उधळायचा खेळ तर करूच नका. उलट बाजूनेही तेच. कासच्या पठारावरून तेरड्याचं बोंड खिशात घालून आणायचा मोह होतो. ते पठार 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथलं काही तोडायला बंदी आहे, आणि तो रानतेरडा कातळावरच्या धुक्यात वाढलेला, आपल्या कुंडीत नांदत नाही.

गुलबक्षीच्या बिया आणि सदाफुलीचं सगळंच झाड पोटात गेलं तर विषारी. लहान मूल असलेल्या घरी पुडी देताना हे तोंडी सांगायचं आणि पुडीवर लिहायचंही.

शेवटी एक वही. कोणाला काय दिलं, कोणाकडून काय आलं, उगवलं का, एवढं नोंदवायचं. परवाच्या पावसात माझी पांढऱ्या तेरड्याची कुंडी पाणी साचून सडली, बरणीतली पुडीही संपली होती. वही उघडली तर खरं पांढरं बी त्या घोळाच्या वर्षीच दुसऱ्या ताटलीतून पलीकडच्या इमारतीतल्या काकूंकडे गेलेलं निघालं. त्यांना मी ते ‘राणी’ म्हणून दिलं होतं.